मसाल्याच्या डब्यातला गळ

खुळखुळ. मग काही नाही. मग पुन्हा खुळखुळ.

तन्वी झोपली होती. पाच वर्षांचं मूल दुपारी झोपलं की घरात जी शांतता पसरते ती इतकी नाजूक असते, की फ्रीजनेसुद्धा तेवढा वेळ आपली घरघर आवरती घ्यावी असं विद्याला वाटे. तिने चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तिथेच थांबला. आवाज खुळखुळ्याचा होता. पण तन्वीचा खुळखुळा योकोहामातल्या एका नव्या बाळाकडे जाऊन जमाना झाला होता. दुसरा आणलेला नव्हता, आणि आणायचा विचारही नव्हता, निदान तिचा तरी.

आवाज न्हाणीघरातून येत होता.

दार ढकललं तर अंबरीष. वर ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली अर्धी चड्डी, कानांत हेडफोन. टब काठोकाठ भरलेला आणि त्यावर हा ओणवा. पाण्यातून एक हिरवट प्लास्टिकचा मासा दोऱ्याने तो हळूहळू स्वतःकडे ओढत होता आणि माशाच्या पोटातले मणी खुळखुळत होते.

"मीटिंग होती ना तुझी?" विद्या कुजबुजली.

"चालू आहे. मी म्यूटवर आहे. हे बघ, ओढायचं थांबवलं की तो मान हलवतो. घाबरलेला वाटतो की नाही?"

"मासा की तू?"

 हेडफोनमधून कोणीतरी त्याचं नाव घेतलं असावं. तो ताडकन उभा राहिला आणि "हाइ, हाइ" असं जपानीत हो-हो म्हणत समोरच्या नळाला त्याने कमरेत वाकून नमस्कार केला.

आता या प्रसंगाचं गांभीर्य कळायचं तर अंबरीषबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. हा गृहस्थ कोथरूडचा, आणि जन्मात त्याने माशाला हात लावलेला नव्हता. विद्या अलिबागची. तिच्या माहेरी मासे खाल्ले जात, मासे बोलले जात आणि पाहुण्याची पारख तो पापलेटाचा काटा कसा काढतो यावरून होई. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत जो तह झाला त्याची कलमं तोक्योतल्या तोयोसुच्या नवव्या मजल्यावरही पाळली जात होती. विद्याचा तवा वेगळा, विद्याचा चिमटा वेगळा, आणि ती बांगडा तळायला घेई तेव्हा अंबरीष कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, जाऊन मासिकं चाळत उभा राही. ऑफिसच्या कँटीनमधलं ज्याचं तो दोन वर्षं कौतुक करत होता ते सूप सुक्या माशाच्या पाण्यात करतात असं त्याला एकदा कळलं, तेव्हा आठवडाभर तो घरात अगदी हळू बोलत होता.

आणि हाच माणूस सप्टेंबरअखेरीस बास मासे पकडण्याच्या स्पर्धेत उतरणार होता.

याला कारण तन्वी. जूनमध्ये पितृदिनासाठी बालवाडीतल्या बाईंनी मुलांना वडिलांची चित्रं काढायला सांगितली आणि एकेकाला उभं करून विचारलं, तुझ्या बाबांना काय छान जमतं? कोणाचे बाबा बेसबॉल खेळत होते, कोणाचे रामेन नूडल्स करत होते, एकाचे तर फायर ब्रिगेडमध्येच होते. त्यांच्यासाठी वर्गाने आपणहून टाळ्या वाजवल्या. तन्वीची पाळी आली. बाबा मीटिंग करतात, असं सांगण्यासारखा तो क्षण नव्हता. तन्वी म्हणाली, माझे बाबा मोठे मासे पकडतात. खूप मोठे.

चित्र कॉरिडॉरमध्ये लागलं. चित्रात चष्मा लावलेला एक माणूस आणि त्याच्या दुप्पट एक मासा होता, आणि दोघेही हसत होते.

"खोटं का सांगितलंस?" विद्याने त्या संध्याकाळी तिला समोर बसवून विचारलं होतं. "बाबांनी कधी पकडलाय मासा?"

"खोटं नाही," तन्वी शांतपणे म्हणाली. "मादा."

मादा म्हणजे अजून नाही. बाबांनी अजून पकडलेला नाही, एवढंच. विद्याला हे पटलं नाही. उद्या बाईंना जाऊन खरं सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं. पण दुसऱ्या दिवशी दोघं तन्वीला घेऊन गेले, तर बालवाडीच्या फाटकातच तिच्या वर्गातल्या सोराचे बाबा उभे होते. हे नागाओ-सान. उंच, बारीक, लाजरे. त्यांनी चित्र पाहिलं होतं. त्यांच्या मासेमारीतल्या जोडीदाराची बदली ओसाकाला झाली होती, स्पर्धा जोडीने असते, आणि ते अंबरीषपुढे इतके खाली वाकले की अंबरीषला त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस दिसायला लागले. शेजारी सोरा. सोराच्या हातात तन्वीचा हात. तन्वी वर बघत नव्हती, स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

अंबरीष "हो" म्हणाला.

घरी आल्यावर विद्या म्हणाली, "वेडा आहेस का तू? अजूनही सांगता येईल."

"तिचा शब्द खोटा पडू द्यायचा नाही," अंबरीष म्हणाला. "तीच म्हणाली ना, अजून नाही. तीन महिने आहेत." आणि एखाद्या प्रोजेक्टची डेडलाइन ऐकल्यासारखा लॅपटॉप उघडून बसला.

त्या क्षणी विद्याला त्याचा राग आला होता की आणखी काही वाटलं होतं, हे तिने पुढे बरेच दिवस स्वतःला विचारलं नाही.

स्पर्धा ज्या तळ्यावर होती त्याचं नाव घेतलं की जपानी माणूस दातांतून श्वास आत ओढायचा. स्स्स. मासेमारीच्या दुकानदाराने ओढला, ऑफिसातल्या तीन जणांनी ओढला, केस कापणाऱ्याने कात्री थांबवून ओढला. तळं मैलोगणती पसरलेलं, पण उथळ. मधोमध उभं राहिलं तरी धडधाकट माणसाचं डोकं बाहेर राहील. पाणी अमृततुल्यच्या चहाचं, तेही शेवटच्या कपाचं. खोलगट जागा नाही, खडक नाही, मासा नेमका कुठे बसलाय याचा काही सुगावा नाही. वाऱ्याची झुळूक आली की आख्खं तळं ढवळून निघतं आणि शेवाळ मोटरीच्या पंख्याला गुंडाळतं. शिवाय तिथल्या माशांना इतक्या वर्षांच्या स्पर्धांनी सगळे गळ तोंडपाठ झालेले.

ज्याच्यासाठी हे सगळं, तो ब्लॅक बास मुळात अमेरिकेचा. इथे त्याला परका आणि उपद्रवी ठरवलंय, त्याला जिवंत तळ्याबाहेर नेणं हा गुन्हा आहे. हे वाचून मात्र अंबरीष हळवा झाला. "बाहेरून आलाय, कायद्याने हलता येत नाही, तरी लोक दर रविवारी भेटायला येतात," तो म्हणाला. त्याच महिन्यात त्याला व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची होती.

तयारी सुरू झाली आणि सल्ले यायला लागले. तोयोसुच्या आपल्या मंडळींत बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर चढते. अठराव्या मजल्यावरच्या पद्मिनीवहिनी पुरणाच्या पोळ्यांचा डबा घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "कणीक भिजवायची आणि त्यात हिंग घालायचा. आमच्याकडे नदीवर तसंच करायचे. हिंगाला मासा नाही म्हणत नाही."

"वहिनी, खाण्याचं काही लावायला परवानगी नाही. रबराच्या अळ्याच लावाव्या लागतात."

"रबराच्या? म्हणजे माशाला फसवायचं?" पद्मिनीवहिनींना हे अनैतिक वाटलं. कणकेची गोष्ट वेगळी, त्यात निदान माशाचं पोट भरतं.

त्यांचे यजमान सुरेशराव लहानपणी एकदा मासे धरायला बसले होते. त्या एका दुपारच्या भांडवलावर ते तासभर बोलले. मासेमारी म्हणजे संयम, असं त्यांचं सार होतं. ते ऐकून संपेपर्यंत अंबरीषला संयमाचा पुरेसा सराव झाला.

आणि पुण्याहून कुमुदिनीबाई, म्हणजे विद्याच्या सासूबाई. व्हिडिओ कॉलवर त्या नेहमी फोन इतका जवळ धरत की दिसायचं फक्त कुंकू आणि अर्धी भुवई.

"मासे मारायला जपानला गेलास का रे?"

"मारायचे नाहीत आई, पकडून परत सोडायचे."

"सोडायचेत तर धरायचे कशाला?"

अंबरीषने विद्याकडे पाहिलं. विद्याने भाजीकडे पाहिलं.

"आणि विद्या, तू याला भरीस घातलंस का?" भुवई वर गेली.

"नाही हो आई. मी तर नको म्हणत होते."

"मग ठीक आहे. स्वेटर घालून जा म्हणावं." म्हणजे संमती मिळाली.

पहिला सराव बाल्कनीत झाला. गळ काढून टाकलेला, नुसतं शिशाचं वजन आणि रबरी अळी लावलेली, समोर मोकळं आकाश. हेतू एवढाच की मनगटाला सवय व्हावी. आता खरं सांगायचं तर गळ काढलेला नव्हता. अंबरीष म्हणतो काढला होता, पण मग खालच्या मजल्यावरच्या इशिदा आजींची टोपी कशाला अडकली याचं उत्तर त्याच्याजवळ नाही. आजी आपल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. अळी वाऱ्याने फिरून त्यांच्या बाल्कनीत शिरली, रुंद काठाच्या गवती टोपीला लागली, आणि ओढ जाणवताच अंबरीषने पुस्तकात सांगितलंय तसं रॉड उचलून रीळ फिरवायला घेतलं. टोपी डुलत डुलत वर आली. आजी डोक्याला हात लावून वर बघत होत्या, त्यांच्या हातातली झारी तशीच वाहत होती. ही अंबरीषच्या कारकिर्दीतली पहिली शिकार.

दोघं मिठाईचा बॉक्स घेऊन माफी मागायला गेले. आजींनी टोपी घेतली, मिठाई घेतली, आणि "नेम चांगला आहे" एवढंच म्हणाल्या. पण इमारतीच्या व्यवस्थापन मंडळाला विनोद परवडत नाही. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली: बाल्कनीतून मासेमारी करू नये. सोबत चित्र होतं. चष्मा, किंचित पोट, हातात रॉड, आणि त्याच्यावर लाल फुली. मंडळाने कोणाचं नाव घेतलं नव्हतं, पण सहाशे घरांच्या त्या इमारतीत त्या पोटाचे दावेदार फार नव्हते. अंबरीष आठवडाभर जिन्याने चढला. नऊ मजले.

तन्वी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायची. "माझे बाबा," ती म्हणायची.

मग बाग. पाण्याकाठच्या बागेत हिरवळ भरपूर, पण अंबरीषचा आता नोटिशींवर विश्वास बसला होता, म्हणून आधी परवानगी मागायला तो बागेच्या कार्यालयात गेला. काउंटरवरच्या तरुणाने नियमांची फाइल काढली. ही मासेमारी आहे का? नाही, पाणी नाहीये. मग चेंडूचा खेळ? चेंडू नाहीये. काही फेकणार का? हो. मग परत येणार का ते? हो, दोऱ्याला बांधलेलं आहे. तरुण आत गेला. आतून दोघं आले. तिघांनी मिळून दातांतून श्वास ओढला. अखेर दोरा आहे आणि दुसऱ्या टोकाला हवेत काहीतरी आहे, या आधारावर परवानगी मिळाली पतंगाची.

पुढचे दोन महिने अंबरीष रोज सकाळी ऑफिसच्या आधी हिरवळीवर पतंग उडवत होता. बाकावरचे म्हातारे काही दिवस वर आकाशात शोधत बसायचे, मग सोडून दिलं. विद्या तन्वीला बालवाडीत सोडून येताना कुंपणापाशी थांबायची. सुरुवातीला तो रॉड झाडू फिरवल्यासारखा फिरवायचा. मग एक दिवस दोरा असा सुटला की त्याची एक लांब, निवांत कमान हवेत तयार झाली आणि टोकाची अळी त्याने हिरवळीवर मांडलेल्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला टक् करून लागली. अंबरीषने इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघितलं का? झाडाआड उभ्या विद्याने बघितलं होतं. पण ती पुढे झाली नाही. काही गोष्टी माणसाला एकट्यानेच करू द्याव्यात असं तिला वाटलं, आणि शिवाय वॉशिंग मशीन लावायचं होतं.

डब्याची चूक मात्र तिची. सामानाच्या पेटीत अळ्या ठेवल्या की मऊ रबर प्लास्टिकला चिकटून दोन्ही विरघळायला लागतात, असं अंबरीषच्या लक्षात आलं. "स्टीलचं काही आहे का, कप्प्याकप्प्यांचं?" त्याने विचारलं. आणि विद्याला माळ्यावरचा मसाल्याचा डबा आठवला. सासूबाईंनी पुण्याहून निघताना दिलेला, सात वाट्या, वर घट्ट झाकण. नवीन घेतल्यापासून तो निवृत्त होता. तिने दोनदा घासला, उन्हात ठेवला. एका वाटीत गळ, एकीत शिशाचे गोळे, बाकी वाट्यांत रंगीबेरंगी अळ्या. दोघांना तो इतका पसंत पडला की फोटो काढून सासूबाईंना पाठवला. कोथरूडहून फक्त हळदकुंकवाची चित्रं आली.

कोणाच्याच ध्यानात आलं नाही की पंधरा वर्षं हिंगाने राज्य केलेल्या डब्याला दोनदा घासून काही होत नसतं.

स्पर्धेच्या सकाळी नागाओ-सानच्या व्हॅनमधून सगळे तळ्याकाठी पोचले. धुकं विरत होतं, चकचकीत बोटी रांगेत लागल्या होत्या, आणि त्यांच्या शेवटी नागाओ-सानची एक छोटी, भाड्याची, विजेच्या मोटरीची बोट, शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या मुलासारखी. सामानाची तपासणी चालू होती. टोपी घातलेल्या पंचाने नम्रपणे दोन्ही हातांनी मसाल्याचा डबा घेतला, उघडला, आणि दचकून मान मागे घेतली.

अळ्या पिवळ्या पडल्या होत्या. वास तर असा सुटला की शेजारच्या जोडीने वळून पाहिलं. हिंग, मोहरी, जुनं धनेजिरं, वर उन्हात ठेवल्याने आलेला खमंगपणा. पंचाने दुसऱ्या पंचाला बोलावलं. दुसऱ्याने वास घेतला, तिसऱ्याला बोलावलं. खाद्यपदार्थ लावायला बंदी आहे, हा प्रश्न गंभीर होता. पाच जण डब्याभोवती गोल उभे राहून पाळीपाळीने वाकत होते. अंबरीष त्यांच्या मधोमध कान लाल करून उभा. विद्याला वाटलं, तीन महिने, टोपी, लिफ्ट, पतंग, सगळं आता आपल्या डब्यापायी इथेच संपतंय. तिने तन्वीचा हात घट्ट धरला.

सर्वांत वयस्कर पंचाने एक अळी काडीने उचलली, डोळे मिटून वास घेतला आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत.

"अन्न नाही," अखेर ते म्हणाले. "अन्नाची आठवण आहे. आठवणीला नियमात बंदी नाही." मग डबा परत देताना हळूच विचारलं, "हा मसाला तोक्योत कोणत्या दुकानात मिळतो?"

बोटी सुटल्या. मोठ्या बोटी क्षणात नाहीशा झाल्या. नागाओ-सानची बोट मात्र दिसत राहिली. दिसत राहिली, आणि मग तिथेच राहिली. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर शेवाळाने मोटर धरली आणि बोट अलगद गाळात बसली. काठावर चटई पसरून बसलेल्या कुटुंबांना समोर रंगमंच मिळावा तशी.

वारा पडला होता. उथळ पाण्यावरून प्रत्येक शब्द स्वच्छ येत होता.

"अंबरी-सान," नागाओ-सान म्हणाले, "आता कसं करायचं? तुम्ही सांगाल तसं."

"मी?" अंबरीषचा आवाज. "तुम्ही इतकी वर्षं येताय इथे."

 मग नागाओ-सान आपल्या गुडघ्यांशी बोलल्यासारखे बोलले. "येतो. पण या तळ्यात मला एकही मासा लागलेला नाही. कधीच. जोडीदाराला लागायचे. सोराला वाटतं, आम्हा दोघांना." ते आणखी वाकले. "तन्वी-चानचं चित्र बघितलं आणि वाटलं, आता निभेल."

काठावर नागाओबाई थर्मासमधून चहा ओतत होत्या, त्यांनी थेंबही इकडेतिकडे होऊ दिला नाही. सोरा खेकड्याच्या बिळात काडी घालण्यात गुंग होता. पण तन्वीने ऐकलं होतं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, अगदी बापासारख्या. ती विद्याकडे वळली नाही. ती बोटीकडेच बघत राहिली, आणि विद्याला दिसलं की आता फक्त एक वाक्य, मलाही काही येत नाही नागाओ-सान, आणि हे सगळं त्या चित्रासकट इथेच बुडणार. गुडघाभर पाण्यात.

अंबरीषने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. किनाऱ्याकडे एकदा पाहिलं.

"त्या बोरूच्या कडेला," तो म्हणाला. "तिथे सावली आहे." त्याला खरंच काही माहीत होतं का? अजिबात नाही. विद्याने हा आवाज ओळखला. क्लायंटला उद्या होईल असं सांगतानाचा हा आवाज.

त्याने विजार गुडघ्यावर दुमडली आणि बोटीतून पाण्यात उतरला. गाळाने एक चप्पल लगेच ठेवून घेतली. एका चपलेवर, पोटावर फुगलेलं जॅकेट, हातात रॉड, अंगावर ऊन, असा तो उभा राहिला. लिफ्टमधल्या चित्रासारखाच, फक्त फुली नव्हती. आणि त्याने दोरा सोडला. तीच लांब, निवांत कमान. चहाच्या रंगाच्या पाण्यावर ती इतकी सावकाश उतरली की चटईवरचे एक आजोबा गप्पा थांबवून बघत राहिले. अळी बोरूच्या दोन काड्यांच्या मधल्या फटीत, टोपीइतक्याच नेमाने, टुपकन पडली.

काही झालं नाही. त्याने परत ओढली, परत टाकली. काही झालं नाही. ऊन चढलं, नागाओबाईंनी ओनिगिरीचे, भाताच्या मुटक्यांचे, डबे उघडले, तन्वीने खाल्लं नाही. अंबरीष टाकत राहिला. हिंगाचा मंद वास तळ्यावरून काठापर्यंत येत होता आणि विद्याला उगीचच भूक लागत होती. सुरेशरावांचा संयम, विद्याने मनात म्हटलं, आणि पहिल्यांदाच तिला सुरेशरावांबद्दल आदर वाटला.

मग रॉड वाकला.

पुढचं सगळं चुकीचं झालं. अंबरीष मराठीत ओरडला. नागाओ-सान जाळी घेऊन धावले आणि बोटीत धावता येत नाही हे विसरल्यामुळे पाण्यात आडवे झाले, खिशातल्या फोनसकट. रीळ उलटं फिरलं. दोरा अंबरीषच्या कमरेभोवती एक वेढा घेऊन गेला. पण शेवटी पाण्यातून काहीतरी वर आलं, हिरवं, झळाळतं, शेपटी झाडणारं. मासा. बोटभर नव्हे, पण वीतभरच.

अंबरीषने रॉड काखेत धरला. हात पुढे केला. मागे घेतला. विद्याला माहीत होतं हे काय चाललंय. तळलेल्या बांगड्याच्या वासाने कोंबिनी गाठणारा हात होता तो.  हात पुन्हा पुढे गेला, ओला करून, हळुवार. अंगठा माशाच्या खालच्या ओठाखाली, दुसरा तळवा पोटाखाली. तन्वी जन्मली तेव्हा नर्सने ती त्याच्या हातात ठेवली होती. तेव्हा त्याने तिला असंच धरलं होतं, पडेल म्हणून नव्हे, दुखेल म्हणून.

मोजपट्टीवर मासा नियमापेक्षा छोटा भरला. मोजणीत धरता येणार नाही, असं निथळणाऱ्या नागाओ-साननी सांगितलं आणि स्वतःच डोळे पुसले. अंबरीषने मान हलवली. मग मासा किनाऱ्याच्या दिशेने उंच धरला, क्षणभर. सोरा उड्या मारत होता. तन्वी मारत नव्हती. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती नुसती उभी होती.

"सॉरी हं," अंबरीष माशाला म्हणाला, आणि गाळ बसलेल्या स्वच्छ जागी त्याला सोडून दिलं.

तेव्हा विद्याच्या ध्यानात आलं की आपल्या हातात केव्हापासून फोन आहे, आणि आपण एकही फोटो काढलेला नाही. नागाओ-सानच्या फोनमधून तर पाणी गळत होतं. तिला बघायचं होतं, म्हणून ती बघत राहिली होती.

निकालात नागाओ-अंबरी जोडीपुढे शून्य होतं. शून्यवाल्यांना उत्तेजनार्थ भेट मिळाली: सूपसाठी सुक्या माशाच्या किसाचं पाकीट. अंबरीषने ते दोन्ही हातांनी, वाकून घेतलं. वयस्कर पंच विद्यापाशी येऊन दुकानाचा पत्ता लिहून घेऊन गेले.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये सगळे पेंगत होते. अंबरीष एका चपलेसकट झोपला होता, तोंड उघडं, हाताला माशाचा आणि हिंगाचा वास. विद्याने तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि धुवायला लावावं असं तिला पहिल्यांदाच वाटलं नाही.

"आई," तन्वी मागून म्हणाली. "मादा नाही ना आता?"

"नाही. आता झालं."

 बाहेर भातखाचरं मागे जात होती.

"तो मासा घरी गेला असेल?"

"गेला असेल."

"मग तो त्याच्या आईला सांगेल. मला एका खूप मोठ्या माणसाने पाण्याबाहेर नेलं. मी आकाश बघितलं. मग त्याने सॉरी म्हटलं आणि परत सोडलं."

"सांगेल की."

"पण त्याच्याकडे फोटो नाहीये." तन्वीने पुढे वाकून विद्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "मग त्याच्या आईला खरं वाटेल?"